मागून येणारं फ्रीव्हील

१

संशय यायला अनिरुद्धरावांना कारण लागत नसे. नोकरीच तशी. तंजावुरातल्या विजेच्या कचेरीत मीटर तपासणीचं काम त्यांच्याकडं. कुणी सील तोडलं, कुणी तार फिरवून फुकटात पंखे चालवले, हे हुडकण्यात माणसानं उमेदीची वर्षं घालवली की तो घरच्या दुधाचाही वास घेऊनच पितो. त्यांची बायको जयश्री शाळेत शिकवायची आणि तिची जीभ चांगलीच तिखट होती. "तुमच्यापुढं साक्षात देव उभा राहिला, तरी आधी त्याचं सील शाबूत आहे का ते बघाल," ती म्हणायची.

आणि त्यांची एकुलती एक शांभवी, नववीतली, त्यांना सरळ 'सी.आय.डी. अप्पा' म्हणायची. त्यालाही कारण होतं. मागच्या वर्षी ती शिकवणीला एकटी बसनं जाऊ लागली, तेव्हा हे गृहस्थ मोपेडवरून बसच्या मागं मागं. घरी विचारलं तर कानावर हात. "मी? मी तर कचेरीत होतो!" शेवटी त्यांच्या आत्यांनी, ताराबाईंनी, त्यांना शहाळ्याच्या गाडीआड लपलेलं रंगेहाथ पकडलं. घरात पुढं महिनाभर तेच पुराण चाललं. हसले नाहीत ते फक्त अनिरुद्धराव.

आता पोरीनं सायकलचा हट्ट धरला होता. शाळेला दोन बस बदलाव्या लागत, आणि वर्गातल्या साऱ्याजणी सायकलवर येत. अनिरुद्धरावांची स्वतःची जुनी गिअरची सायकल माळ्यावर धूळ खात पडली होती. त्यांनी ती खाली काढली, गंजलेली गिअरची सगळी यंत्रणा उपटून टाकली, पुढं एक दातेरी चाक ठेवलं, मागं एक नवं फ्रीव्हील बसवलं आणि चेन तोडून बेताची केली. एक चेन, एक गिअर. बिघडायला म्हणून काही ठेवलंच नाही.

अडचण रस्त्याची होती. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता कालव्याच्या काठानं जातो, आणि काठाला कठडा नाही. कालवा तुडुंब भरून वाहत होता. जयश्री म्हणाली, "मज हे पसंत नाही. पण द्यायचीच असेल तर आधी तुम्ही चालवून बघा. तुमची खात्री पटली तरच विजयादशमीला तिच्या हातात द्या."

खात्री! ज्या माणसाची जन्मात कशाबद्दल खात्री पटली नव्हती, त्याच्यावर हे काम आलं. ते रोज सकाळी कालव्याच्या रस्त्यानं सायकल पिदडू लागले.

आणि त्यांना आवाज ऐकू आला.

२

सायकलचा आवाज शोधायची एक रीत असते. पायडलाच्या दर फेऱ्याला एकदा वाजलं, तर दोष पायडलात किंवा क्रँकमध्ये, म्हणजे पायडलाच्या दांड्यात. दोन-अडीच फेऱ्यांनी एकदा वाजलं, तर चेनची एखादी कडी आखडलेली. सीटवरून उठल्यावर बंद झालं, तर बिचाऱ्या चेनला शिव्या घालण्यात अर्थ नाही, सीटच कुरकुरते आहे. एका वेळी एकच वस्तू बदलायची, मग फिरवून बघायचं. मीटरचंही असंच असतं, त्यामुळं अनिरुद्धरावांना हे काम मानवलं.

त्यांनी पायडलं काढून ग्रीस भरलं. क्रँक आवळले. आतले छर्रे बदलले. चेन रॉकेलात बुडवून एकेक कडी बोटांनी वाकवून पाहिली. पुढचं चाक आणि मागचं चाक एका रेषेत आहेत का, ते दोरी लावून तपासलं. अंगणात सायकल उलटी करून हातानं पायडल फिरवलं, तर काय, लोण्यासारखी मऊ! चकार शब्द नाही.

रस्त्यावर आणली की पुन्हा तेच. टिक-टिक-टिक-टिक.

तिसऱ्या की चौथ्या सकाळी त्यांच्या ध्यानात आलं, की हा आवाज आपल्या ओळखीचा आहे. लहानपणापासून सगळ्यांच्या ओळखीचा. उतारावर पाय मारायचे थांबवले की मागचं चाक जे टिकटिकतं, तेच हे. फ्रीव्हीलचं.

यात बिघडलं काय, असं कुणी म्हणेल. बिघडलं ते असं, की फ्रीव्हील वाजतं ते पाय थांबल्यावर. पाय चालू असले की त्याचे दात धरलेले असतात, ते वाजूच शकत नाही. वाजलं तर पायडल रिकामं फिरेल, सायकल पुढं जाणार नाही.

अनिरुद्धराव तर पाय मारत होते. सायकल झकास पुढं जात होती. आणि ते वाजत होतं.

मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यांनी पाय थांबवले. त्यांचं स्वतःचं फ्रीव्हील वाजू लागलं, म्हणजे जसं वाजायला हवं तसंच. पण त्याच्या आडून जरा मागं दुसरंच काही ऐकू आलं. चेनची कोरडी सरसर. कुणीतरी पाय मारू लागलं होतं.

त्यांनी पुन्हा पाय मारले. मागची सरसर थांबली आणि टिकटिक सुरू झाली. ते थांबत तेव्हा मागचं पाय मारी. ते पाय मारत तेव्हा मागचं नुसतं घरंगळत येई.

त्यांनी मागं वळून पाहिलं. रस्ता लख्ख रिकामा. काठावर बगळे, शेतात उन्हं, लांब एक बाई शेळ्या घेऊन चाललेली. आवाज बंद.

३

"सेल्वम, तू मला जुनं फ्रीव्हील नवं म्हणून गळ्यात बांधलंस," अनिरुद्धराव दुकानाच्या पायरीवरूनच गरजले.

सेल्वम हा त्यांचा नेहमीचा सायकलवाला. तो पंक्चर काढत बसला होता. त्यानं मान वर न करता तमिळमधून विचारलं, "सार, पायडल घसरतंय का?"

"नाही."

"मग?"

"वाजतंय. पाय मारताना."

सेल्वमनं एकवार त्यांच्याकडं पाहिलं, सायकलकडं पाहिलं, आणि एक चक्कर मारून आला. "काही नाही, सार. कान दाखवून या."

चोर कधी कबूल करतो का? अनिरुद्धरावांनी दुसऱ्या दुकानातून दुसरं फ्रीव्हील आणलं, समोर पाकीट फोडून घेतलं आणि घरी येऊन बसवलं. दुसऱ्या सकाळी ऐकलं तर टिकटिक होतीच. मग त्यांना वाटलं, प्रतिध्वनी असेल. कालव्याच्या दगडी बांधावर आपटून आपलाच आवाज परत येत असेल. म्हणून ते कालवा सोडून भाताच्या शेतांमधून जाणाऱ्या मोकळ्या रस्त्याला लागले. तिथं बांध नाही, भिंत नाही, आवाज आपटायला एक झाडसुद्धा नाही.

तिथंही आला. उलट तिथं जरा जवळून आला.

घरी परतताना त्यांना घाम फुटला होता, तो श्रमाचा नव्हता. पण भीतीवर त्यांचा विश्वास नव्हता, लबाडीवर होता. कोणीतरी आपल्याला खेळवतंय. सेल्वम असेल, शेजारचं कुणी असेल. कदाचित ज्याचं कनेक्शन परवा तोडलं तो गिरणीवाला असेल. कोण ते पुढं बघू. आधी यंत्राला बोलतं करायचं.

त्यांनी एक गोष्ट केली, जी त्यांच्यासारख्या माणसालाच सुचावी. सेल्वमकडचं काढून ठेवलेलं फ्रीव्हील घेऊन ते वेल्डिंगवाल्याकडं गेले आणि ते कायमचं जाम करून घेतलं. आता ते चाकाबरोबर फिरणार आणि पायडलही चाकाबरोबर फिरणार. पाय थांबवायची सोयच नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरलेच पाहिजेत, नाहीतर सायकल माणसाला उडवून देते. पण एक फायदा होता. या सायकलवर टिकटिक करू शकेल असा एकही भाग उरला नव्हता.

"आता वाज की, वाज!" ते सायकल बाहेर काढताना पुटपुटले.

ती आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, आदल्या दिवशीची सकाळ होती. जाम चाकावर पाय जपून फिरवत ते कालव्याच्या पहिल्या वळणापर्यंत गेले. काही नाही. दुसऱ्या वळणापर्यंत गेले. काही नाही. त्यांना हसू येऊ लागलं.

टिक. टिक. टिक-टिक-टिक.

मागच्या चाकाला हात पोचेल इतक्या जवळ. या खेपेला वळून बघायचं धाडस त्यांना झालं नाही. खरं सांगायचं तर त्यांना तिथंच उतरून पळावंसं वाटत होतं, पण पाय फिरतच होते, कारण सायकल थांबू देत नव्हती. पुढचा ब्रेक आवळून ते कसेबसे घराच्या फाटकाशी उतरले. सायकल त्यांनी हातानं ढकलत आत नेली.

म्हणजे आवाज सायकलचा नव्हताच. कधीच नव्हता.

४

संध्याकाळी परत येऊन ते जाम फ्रीव्हील उतरवून टाकायचं, सायकलचे चार तुकडे करून माळ्यावर फेकायचे, असं ठरवून अनिरुद्धराव कचेरीला गेले. संध्याकाळी बघतात तो जयश्रीनं घरातली सारी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडलेली. पाने, पकड, हातोडी, तिची शिवणाची कात्री, शांभवीची वीणा, पुस्तकं. दिवाणखान्यात नवरात्राच्या कोलूच्या बाहुल्या पायऱ्यापायऱ्यांनी बसलेल्या, आणि त्यांच्या समोर ती सायकल. हँडलला झेंडूचा हार, दांडीला गंध, मागच्या मडगार्डवर कुंकवाचा ठसा.

"ते पाने जरा दे," ते म्हणाले.

"अय्यो! गंध लागलं की आता त्यांना हात नाही. परवा सकाळची पूजा झाली की घ्या. इतकी वर्षं या घरात आहात, ठाऊक नाही?"

ठाऊक होतं. पूजेला मांडलेलं हत्यार मधेच उचललेलं त्यांच्या आईला, आजीला, कुणालाच खपलं नव्हतं. आणि बायकोला काय सांगायचं? की मागून कोणीतरी येतं? ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांची खोटी कारणं ऐकली, त्याला स्वतःचं खरं कारण सांगायची लाज वाटली. "बरं," ते म्हणाले. "पण सायकलला कुणी हात लावायचा नाही. शांभूनं तर नाहीच. तिच्यात दोष आहे."

"देवापुढं आहे ती. कोण लावतंय हात," जयश्री म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. दुपारी सगळे दिवाणखान्यातच लवंडले होते. जयश्रीला डुलकी लागली होती. शांभवी प्रसादाच्या सुंडलातले उकडलेले हरभरे एकेक करून तोंडात टाकत होती. एकदम ती हळूच म्हणाली, "अप्पा, मी एक सांगते. रागवायचं नाही."

"बोल."

"मी सायकल नेली होती. दोन-तीनदा. तुम्ही कचेरीला गेल्यावर." मग ती घाईघाईनं पुढं म्हणाली, "पण ते तुम्हाला ठाऊकच आहे की! तुम्हीच तर मागं होतात."

अनिरुद्धराव उठून बसले. "मी?"

"सरि, सरि, बरं. तुम्ही कचेरीत होतात." ती खुदखुदली. "कुणाची सायकल उसनी आणता हो? किती टिकटिक करते! मी वळले की कुठं लपता, तेही कळत नाही. आता मी वळतच नाही. येऊ देत अप्पांना, म्हटलं."

"शांभू, मी नव्हतो."

"मागच्या वर्षीही असंच म्हणाला होतात."

"देवाची शपथ घेऊन सांगतो बाळा, मी नव्हतो!"

त्यांचा आवाज चढला तशी ती जरा गोंधळली, आणि मग तिनं गळ्यात हात टाकले. "चुम्मा, गंमत म्हणून सांगितलं हो अप्पा. मला राग नाही. पहिल्यांदा आला होता. आता बरं वाटतं, कालव्यापाशी कोणी नसतं ना. परवा तर मी सगळं बोलत होते तुमच्याशी, गणिताच्या मिसचं."

"आणि... मी काय म्हणालो?" हा प्रश्न आपल्या तोंडून कसा निघाला, ते त्यांना कळलं नाही.

"तुम्ही कधी काय बोलता? नुसते जवळ आलात."

अनिरुद्धरावांनी तिला दंडाला धरून समोर बसवलं, पुन्हा पुन्हा बजावलं, वचन घेतलं, की त्या सायकलवर बसायचं नाही. तिनं वचन दिलं. देताना ती हसत होती. रागावणाऱ्या अप्पांची तिला सवय होती, आणि खोटं बोलणाऱ्या अप्पांचीही. पोरीनं आपलं ऐकलं, पण आपल्यावर विश्वास ठेवला नाही, हे त्यांना स्पष्ट दिसलं. त्याला कोण जबाबदार, तेही दिसलं. रात्री ते दिवाणखान्यातच, सायकलच्या चाकाशी चटई टाकून झोपले.

५

विजयादशमीची सकाळ छान उजाडली. पूजा झाली, आरती झाली. पाने हातात आल्यावर लागलीच फ्रीव्हील उतरवायचं, म्हणून अनिरुद्धरावांनी लुंगीसारखी नेसलेली वेष्टी वर खोचलीही होती. तेवढ्यात जयश्रीनं सुंडलाचा डबा पुढं केला. ताराबाई आत्या प्रसाद आल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाहीत, आधी तो देऊन या. आत्यांचं घर कालव्याच्या पलीकडल्या काठावर, म्हटलं तर समोरच. पण पूल लांब, त्यामुळं मोपेडनं मोठा वळसा.

"शांभूकडं लक्ष दे," ते म्हणाले आणि निघाले. जाऊन यायचं तेवढंच, असं त्यांनी मनाला समजावलं.

आत्यांच्या ओट्यावर पोचतात न पोचतात तोच फोन वाजला. जयश्री होती.

"अहो, रागवू नका. शांभूला एक चक्कर मारायला धाडलंय. पुजलेली वस्तू आज हातात घेतली नाही तर वर्षभर हाताला यश नाही. पुस्तक उघडलं, वीणा वाजवली, तर सायकलनंच काय घोडं मारलं? वळणापर्यंत जाऊन येईल." मग ती हसून पुढं म्हणाली, "आणि मज काळजी कसली? तुम्ही मागं आहातच. फाटकाबाहेर टिकटिक ऐकली तेव्हाच म्हटलं, निघाले सी.आय.डी."

"जयश्री, मी मोपेड घेऊन आलोय."

तिचं पुढचं ऐकायला ते थांबले नाहीत.

अनिरुद्धराव डबा हातात तसाच धरून काठाकडं पळाले. मागून ताराबाई आत्या "अरे काय झालं, अनिरुद्धा?" म्हणून ओरडत होत्या.

कालवा रुंद होता आणि भरून चालला होता. पलीकडच्या रस्त्यावर शांभवी दिसली. नवा हिरवा चुडीदार, हँडलला झेंडू. सायकल अगदी हळू आणि वेडीवाकडी येत होती. पाय थांबवू म्हटलं तर पायडल थांबेना, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यानं सांगायचं तो बाप इथं उभा होता, डबा घेऊन.

तिथल्या गवतात बगळे बसले होते. शांभवी त्यांना घासून गेली, एकही हलला नाही. सायकली त्यांच्या रोजच्या. ती चार हात पुढं गेली आणि मग ते उठले. रस्त्यालगतचे आधी, मग त्यांच्या पुढचे, मग त्यांच्याही पुढचे, तिच्या मागोमाग. रस्त्यावर कोणी नव्हतं.

पाण्यावरून आवाज स्वच्छ आला. टिक-टिक-टिक-टिक.

"अप्पा!" मागं न बघताच ती बोलत होती. "पायडलं थांबत नाहीत हो! काय करून ठेवलंत?" पुढचं चाक काठाकडं वळलं, परत आलं, पुन्हा काठाकडं वळलं. काठापासून पाणी हातभरही खाली नव्हतं. "अप्पा, पडेन मी! धरा की!"

टिकटिक थांबली.

सायकल सरळ झाली. एका क्षणात, रेषेवर ठेवल्यासारखी सरळ. चाक काठापासून दूर आलं, आणि शांभवीनं सुटकेचा श्वास टाकला, तो हसऱ्या चेहऱ्यासकट त्यांना इकडून दिसला.

"शांभू!" अनिरुद्धरावांनी सगळा जीव घशात आणून हाक मारली. "शांभू, मी इकडं आहे!" आणि ओरडल्याबरोबर त्यांना वाटलं, हे तिला सांगायला नको होतं.

तिनं आधी समोर पाहिलं. मग पाण्याकडं पाहिलं. मग पाण्यापलीकडं, वेष्टी खोचून उभ्या असलेल्या आपल्या बापाकडं. तिचे पाय फिरतच होते. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त आता ते कुणासाठी आहे ते तिला कळत नव्हतं. मान ताठ ठेवून, जराही न वळता, तिनं लहान मुलीच्या आवाजात विचारलं,

"अप्पा, मग सीट कोणी धरलीय?"